बरफाच्या पेटीसाठी एकवीस किलोमीटर

१४ सप्टेंबर, रविवार

लिंबा,

हे पत्र मी पोळ्यालाच लिहिणार होतो. मग म्हटलं गणपती बसू दे. मग म्हटलं महालक्ष्म्या उठू दे, घरात गर्दी आहे. कागद आणला तर त्यावर पुतणीनं हत्ती काढला. चांगला काढला होता म्हणून फाडवला नाही. दुसरा कागद आणला तर पेन सापडंना. आता खरं सांगतो, पेन खिशातच होता. तुला काय लिहावं तेच समजत नव्हतं, म्हणून मीच दिवस ढकलत होतो.

दोन वर्षं झाली तू गावाकडं फिरकला नाहीस. नंबर बदललास, नवा कुणाला दिला नाहीस. तुझा पत्ता मला देवगाव फाट्यावर मिळाला. तिथं मी एका हॉटेलात भजे तळायलो होतो. सेलूकडचा एक पोरगा सुट्टीवर आला होता, केस बघूनच समजलं फौजी आहे. विचारलं तर तुझ्याच पलटणीतला निघाला. तुझी बदली आता जबलपूरला झाली, तू बरा आहेस, बोलतोस कमी, एवढं त्यानं सांगितलं. त्याला दोन प्लेट भजे फुकट चारले आणि मालकाचं आणि माझं त्यावरूनच वाजलं. ते हॉटेल सोडलं. मग पाण्याच्या जारच्या गाडीवर लागलो. तीही सोडली. ते सगळं राहू दे.

मुद्दा असा की मी मुंबईच्या मोठ्या मॅरेथॉनमधी पळणार आहे. जानेवारीत.

हसून झालं असंल तर पुढं वाच. भरतीच्या टायमाला सोळाशे मीटरमधी ज्याच्या नावानं सगळी पोरं बोंबलायची तोच मी. तिथं खरं तर माझ्यासारख्याला उभं करत नाहीत. आधी दुसरीकडं कुठं पळून दाखवायचं, टायमाचा कागद लावायचा, मगच घेतात. पण आणखी एक वाट आहे आणि ती चोरीची नाही. चांगलं काम करणाऱ्या संस्थांना थोड्या जागा दिलेल्या असतात. संस्थेसाठी ठरलेली रक्कम लोकांकडून गोळा करून दिली की ती जागा आपली. मग कितीबी हळू पळा, गाशा गुंडाळायच्या आत पोचलं म्हणजे झालं.

परभणीला सत्यशीलाताई म्हणून आहेत, एक संस्था चालवतात. मी त्यांच्याकडं जार टाकायला जायचो. त्यांच्या संस्थेला अशी एक जागा मिळालेली आणि पळायला माणूस कुणी नाही. मला म्हणल्या, तू पळतोस का? मी म्हणालो, पळतो, पण सगळ्यात मागं. तर म्हणल्या, ‘‘मागंपुढं कोण बघतंय? मागायची लाज न्हाई ना तुला, तेवढं सांग.’’

लाज तर मला कधीच नव्हती. हो म्हणून टाकलं. पैसे कशासाठी ते पुढच्या खेपेला लिहीन. आज नको.

काल सकाळी पहिल्यांदा पळायला गेलो. तोच आपला पोखर्णीचा रस्ता, नरसिंहाच्या देवळापर्यंत जाऊन परत. रस्ता आता गुळगुळीत झालाय. ओढ्याच्या पुलाला नवा कठडा बांधलाय. पण त्या पुलापाशी आलो आणि पाय आपोआप थांबले, गड्या. बायनामाय तिथंच बसायची की. डोक्यावरून पदर, मांडीवर डबा, डब्यात भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. तू तिचा लेक, पण पहिला आलास म्हणून तुला कधी एक दाणा जास्त दिला नाही तिनं. पाच-सहा जण घामाघूम होऊन हात पसरून उभे आणि ती रस्त्याकडं बघत. ‘‘मुंजाजी यायचाय अजून. येऊ द्या त्याला.’’ तुमी सगळे मला तिथूनच शिव्या घालायचे, ए मुंज्या, पाय उचल, भूक लागली. मी पुलापाशी पोचल्याबिगर तिनं डब्याचं झाकण कधी काढलं नाही.

तुमी भरती झाले, पांगले. मी कशातच लागलो नाही. पण माझ्यासाठी कुणीतरी डबा झाकून बसायचं, हे मला अजून पळताना आठवतं. तुला आठवतं का?

जानेवारीतला तिसरा रविवार. तू मुंबईला ये. गावाला येऊ नको, तुझ्या बापूंपुढं येऊ नको, मला फक्त मुंबईला भेट. एवढंच मागायचं होतं, त्यासाठी एवढा वेळ लावला.

मुंजाजी


१० ऑक्टोबर, शुक्रवार

लिंबा,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परत पण आलं नाही, म्हणजे पोचलं. पोस्टमन म्हणला, मिल्ट्रीचं पत्र कधी हरवत नाही. त्याला काय माहीत, पण बरं वाटलं.

आता सांगतो पैसे कशाचे.

सत्यशीलाताईंच्या संस्थेकडं एक पेटी आहे. लांबलचक फ्रीजच समज, वरून काच, लाइटवर चालती. शीतपेटी म्हणतात, आपली माणसं बरफाची पेटी म्हणतात. घरात कुणी गेलं की संस्थेला फोन करायचा, ते पेटी आणून देतात, भाडं नाही काही. मग लांबचं लेकरू येईपर्यंत माणसाला ठेवता येतं. कुणाचा पोरगा पुण्याला कंपनीत, कुणी ऊस तोडायला कर्नाटकात, कुणी तुझ्यासारखं पार सरहद्दीवर. पण पेटी एकच आणि जिल्हा एवढा मोठा. ती पूर्णेकडं गेली असली तर पोखर्णीकडच्यांनी काय करायचं? ताईंना दुसरी पेटी घ्यायची आहे. ती आपल्या बाजूला ठेवायची.

मी यासाठीच का हो म्हणालो ते तुला सांगायची गरज नाही. त्या दिवशी मी तुझ्या अंगणात होतो.

बरं, आता मी काय घाण करून ठेवली ते ऐक.

सुरुवात लय झकास झाली होती. सरपंच म्हणले देतो. खताच्या दुकानवाले व्यंकटेशशेठ म्हणले देतो. माळकरी म्हणले, भजनी मंडळाकडून बघू. यंदा पाण्यानं सोयाबीन आडवं केलं तरी लोकं नाही म्हणत नव्हते. मी सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं की परभणीच्या संस्थेला दवाखान्याच्या कामाचं एक यंत्र घ्यायचंय. पण माझं तोंड तुला माहीत आहे. दसऱ्याला सगळं गाव मारुतीपुढं जमलं, सोनं वाटणं चालू, माइक रिकामाच होता. माइक रिकामा दिसला की माझा हात जातो. मी सांगून टाकलं की यंत्र म्हणजे मयताची पेटी आहे. तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण आपल्याकडं दिलेल्या वस्तूवर नाव पायजेच. शाळेच्या फॅनला नाव, देवळाच्या पायरीला नाव, स्मशानातल्या बाकड्याला सुद्धा नाव. मला वाटलं, लोकं खूश होतील, म्हणून जोरात सांगितलं, जो कुणी देईल त्याचं नाव पेटीवर ऑइलपेंटनी ठळक लिहिण्यात येईल.

लिंबा, हातातलं सोनं हातात राहिलं लोकांच्या. कुणी कुणाला देईना. लाउडस्पीकर आपला खरखर करायला. मग आमचे थोरले चुलते उठले आणि म्हणले, ‘‘मुंज्या, सणाच्या दिवशी तरी तोंडात साखर ठेव रं.’’

दुसऱ्या दिवशी सरपंच शेताला गेलेले, तिसऱ्या दिवशीही शेतालाच. व्यंकटेशशेठच्या दुकानात गेलो तर ते वजनकाटा पुसत बसले. माझ्याकडं न बघता म्हणले, ‘‘त्या पेटीवर माझं नाव? मला रोज सकाळी दुकान उघडायचं हाय, बाबा.’’ मी म्हणालो, नाव नाही लिहीत. तर म्हणले, आता तर मुळीच नको, आता सगळ्यांना वाटंल ह्यांचंच लिहिणार व्हते.

माझ्या आईनं तर मीठमोहरी उतरून टाकली माझ्यावरून. तिला वाटतं, बाहेर फिरून फिरून काहीतरी लागीर झालंय.

ताईंना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मग म्हणल्या, नोव्हेंबरच्या आत रक्कम नाही भरली तर जागा दुसऱ्या संस्थेला जाईल, पेटीचं तर सोडूनच दे.

पळणं चालू आहे. देवळापर्यंत जाऊन येतो, मग आणखी एक चक्कर. गावातले कुत्रे आता भुंकत नाहीत, त्यांना पण बोर झालं असंल. शूज जुनेच आहेत. पुण्याला डिलिव्हरीचं काम करायलो होतो तवा घेतलेले. त्या कंपनीची एक गंमत आहे, पण कागद संपायला आला.

मुंबईला येतोस ना?

मुंजाजी


१९ नोव्हेंबर, बुधवार

लिंबा,

नंबर मिळाला! म्हणजे अजून हातात नाही, पण नाव लागलं. अर्ध्या मॅरेथॉनमधी, एकवीस किलोमीटर. पूर्ण बेचाळीसची असती. गावात सगळे विचारायलेत, अर्धीच का? बाकीची अर्धी कोण पळणार? मी सांगतो, बाकीची लिंबाजी पळंल. मग गप्प होतात. तुझं नाव निघालं की लोकं गप्प होतात आपल्याकडं.

पैसे कसे जमले ते ऐक. मी हात टेकले होते. नांदेडला एक ओळखीचा केटरिंगवाला आहे, त्याच्याकडं निघून जायचं ठरवलं होतं, पिशवीही भरली होती. स्टँडवर जाता जाता नर्मदाबाईनं हाक मारली. तीच, खालच्या आळीची, तुझ्या आईसंगं निंदायला जायची ती. मला वाटलं शिव्या देती का काय. तर म्हणली, ‘‘माझं नाव घाल तुझ्या पेटीवर. मोठ्या अक्षरात घाल. साऱ्या गावात माझ्या नावाचं काय हाय? फॅन न्हाई का बाकडं न्हाई.’’

मी म्हणालो, मावशी, लोकं अभद्र म्हणायलेत.

‘‘म्हणू दे. माझा लेक सुरतेला हाय. मी गेल्यावर त्यानं तोंड बघावं असं मला वाटतं, त्यात काय अभद्र? आन ऐक, मला लागंल तवा पहिला नंबर माझा. दुसऱ्याला दिली तर बघ.’’

मी म्हणालो, तवा तू काय करणार? तर काठी घेऊन उठली.

कनवटीचे पैसे काढून दिले तिनं. मी पिशवी घेऊन घरी परत. संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला समजलं की नर्मदाबाईनं दिले आणि तिला काही झालं नाही, उलट ती ओट्यावर बसून हसायली. मग लोकं यायला लागले, पण कसे? एकेकटे. पाण्याच्या टाकीमागं गाठून द्यायचे आणि म्हणायचे, नाव नको. आमच्या थोरल्या चुलत्यांनी गोठ्यात बोलावून दिले. ‘‘काकूला सांगू नको.’’ तासाभरानं काकूनं परसात बोलावून दिले. ‘‘काकाला सांगू नको.’’ व्यंकटेशशेठ स्वतः मोटारसायकलवर परभणीला जाऊन ताईंकडं भरून आले, पावतीवर ‘एक हितचिंतक’ असं लिहून घेतलं. ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांनी तर पोरांकडूनच फोनवरून टाकायला लावले. पुण्याच्या कंपनीतल्या आपल्या पोरांनी आपसात गोळा केले. त्यातला एक मला फोनवर म्हणला, ‘‘मुंजा, आमी येईपर्यंत ठिवत जा रे.’’ एवढंच म्हणला आणि फोन ठेवला.

आणि आता सगळ्यात भारी. ताई म्हणल्या, पेटीवर नाव लिहायचा प्रश्नच नव्हता, पेटीवर फक्त फोन नंबर असतो. एवढं सगळं रामायण मी फुकटचं घडवलं. नर्मदाबाईला अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट लिहावी का नको असं झालंय. लिहितो.

मी बापूंकडं पण गेलो होतो. सगळ्यात शेवटी. तुझ्या घराला बाहेरून रंग नाही दिलेला, तसंच आहे. बैलं विकली, एक गाय आहे. बापू ओसरीत सुतळी वळत बसले होते. मी सगळं सांगितलं, पेटी काय, कशाला, कुणी कुणी दिले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, ‘बस’ म्हणले आणि आत गेले. मला वाटलं पैसे आणायला गेले. मी बसलो. लय वेळ बसलो. गाय हंबरायला लागली, तिला पाणी पण मीच दाखवलं. मग शेजारची बाई म्हणली, कुणाची वाट बघतो, बापू तर मागल्या दारानं शेताकडं गेले कवाच.

मला राग नाही आला. तू पण धरू नको.

मुंजाजी


२९ डिसेंबर, सोमवार

लिंबा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. यावेळी हत्ती वगैरे काही नाही. एक शब्द दिला होता तो मोडायलो आहे, म्हणून हात चालत नव्हता.

बायनामाय गेली ती संध्याकाळ. श्रावण असून पाऊस नव्हता त्या वर्षी, उकडून जीव जायचा. तुला फोन लावला, तू अरुणाचलातून कुठून तरी बोलायला होतास, रेंज तुटायची. खाली यायच्या रस्त्यावर दरड पडली म्हणालास. थांबा म्हणालास. बापू म्हणले, थांबतो. एवढं तुला माहीत आहे.

पुढचं तुला माहीत नाही. फोन ठेवल्यावर बापू माझ्या भावाकडं आले, टेम्पो काढ म्हणले. मी पण चढलो. परभणीला बरफाचा कारखाना आहे, तिथं जाऊन लाद्या घेतल्या, गोणपाटात भुसा घालून गुंडाळल्या. उजाडता उजाडता घरी आणल्या. तिच्या दोन्ही बाजूंनी आम्हीच लावल्या. बापू उशाशी बसले, उपरण्यानं माशा वारत. दहा-अकराच्या सुमाराला ऊन असं तापलं की लाद्या बघता बघता बसल्या. अंगणातून पाणी निघालं ते ओट्यावरून खाली गल्लीत. लोकं त्यावरून पाय टाकून यायचे. बापू परत टेम्पोत. दुसरी खेप आणली. तोवर तुझा फोन लागंना. बायांनी नाकाला पदर लावले होते आणि बापूंनी ते बघितलं, लिंबा. मी त्यांच्याकडंच बघत होतो.

थोरले चुलते बापूंना म्हणले, ‘‘आरं, माती हाय ती आता. मातीला किती राखतो?’’

बापू उभे राहिले. म्हणले, अजून एक खेप आणतो. टेम्पोकडं निघाले पण. चौघांनी धरलं त्यांना. ते धडपडले नाहीत, नुसते उभे राहिले धरलेले. मग खाली बसले आणि म्हणले, उचला.

तू दुसऱ्या दिवशी आलास, बूट न काढता अंगणात उभं राहून सगळ्यांपुढं विचारलंस, ‘‘एक दिवस दम निघाला न्हाई तुमाला?’’ आणि ते म्हणले, ‘‘न्हाई निघाला.’’

बस, तेवढंच बोलले. तू जेवला नाहीस, राखेला हात लावून निघून गेलास. सगळे उभे होते तिथं, सगळ्यांना माहीत होतं, कुणी तोंड उघडलं नाही. कारण बापूंनी अगोदरच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बरफाचं लिंबाला सांगू नका. तुझ्या आईला तू हरभरे वाटताना बघितलेलं, तेच तुझ्याजवळ राहू दे. बरफ ऐकलं तर तुला सारखा बरफच दिसत राहील. असं त्यांचं म्हणणं. मी पण हो म्हणालो होतो.

आता वाटतं, तुला बरफ दिसला तरी चालंल. त्याच्याशेजारी बापू पण दिसतील.

मुंबईचं सांगतो. मी आदल्या दिवशी ठाण्याला गोपाळकडं उतरणार आहे. आपला पोखर्णीचा गोपाळ, तिथं एका बिल्डिंगीला वॉचमन आहे, खालीच खोली आहे. त्याचा पत्ता मागं लिहिलाय. पळायचं सकाळी अंधारातच चालू होतं. मागून एक बस येती म्हणे, जे लय हळू आहेत त्यांना उचलून घेती. ताई म्हणल्या, बसलास तरी काही बिघडत नाही, पेटीचे पैसे तर भरले. पण मला बसायचं नाही.

जिथं संपतं तिथं मेडल देतात. त्याच्या पुढं मी थांबतो. तू ये. मी ओळखू येईन, सगळ्यात मागं बघ.

मुंजाजी


१८ जानेवारी, रविवार
ठाणे

लिंबा,

झालं. पायाची बोटं बादलीत घालून लिहायलो आहे, कागद ओला झाला तर समजून घे. दुपार झाली आहे. गोपाळ ड्युटीवर गेला, खोलीत मी एकटाच.

समुद्रावरच्या पुलावरून पळवतात, माहीत आहे का? खाली काळं पाणी, वर तारांचे दोर, आणि एवढी माणसं की पोखर्णीच्या जत्रेला पण नसतील. सुरुवातीला मला कुणी पळूच देईना, सगळ्यांची गर्दी. मग गर्दी पुढं निघून गेली आणि मी नेहमीच्या जागेवर आलो. मागं. तिथं लय चांगली माणसं असतात. एक सत्तरीचे आजोबा होते, गुडघ्याला पट्टा, दर थोड्या वेळानं म्हणायचे, आता चालू, आता पळू. मी त्यांचंच ऐकलं. उजाडलं तशी रस्त्याच्या कडेला लोकं उभे. आपलं नाव छातीवरच्या कागदावर छापलेलं असतं. ओळख ना पाळख, बायका ओरडायच्या, चला मुंजाजी, शाब्बास मुंजाजी. माझं नाव एवढ्या मायेनं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एकीनं संत्र्याची फोड हातात दिली. मला एकदम भरून आलं, आणि पळताना रडलं की दम लागतो, हे नवीन समजलं.

शेवटी एक चढ आहे. तिथं पोटऱ्यांनी दगा दिला. मी खाली बसलो. मागं वळून बघितलं तर ती बस आलेली, आतून लोकं हात करायले, ये, जागा आहे. खरं सांगतो, उठून चढणारच होतो. आजोबा पुढं गेले होते. ते थांबले. वळून उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. नुसते थांबले. मग मला बसता येईना.

पोचलो. बसच्या अगोदर पोचलो. मेडल जड आहे, नर्मदाबाईला दाखवायचं आहे, तिला नावाचं सांगायच्या अगोदर.

मग मी थांबलो, सांगितलं होतं तिथं. लोकं आले, गेले, फोटो काढले. झाडणारे आले. फाटकं उचलायला लागले. एक पोलीसवाला म्हणला, कुणाची वाट बघतो? मी म्हणालो, दोस्ताची, फौजेत आहे. तो म्हणला, मग सुट्टी मिळाली नसंल. हो, म्हणालो मी. सुट्टी मिळाली नसंल. असंच धरून चालतो मी, लिंबा. तुला पत्रं मिळाली, तू वाचलीस, आणि सुट्टी मिळाली नाही.

पेटी आली आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली आहे, चादर झाकून. देव करो आणि

इथं लिहायचं थांबवलं होतं, दार वाजलं म्हणून. मला वाटलं गोपाळ किल्ली विसरला. बादलीतून पाय काढून तसाच गेलो.

लिंबा, बापू आलेत.

तुझे बापू. बाजाराच्या दिवसाशिवाय परभणी न बघणारा माणूस. चपला हातात घेऊन दारात उभे, धोतराला सगळी धूळ लागलेली. माझ्या आईला विचारून पत्ता घेतला म्हणे, गोपाळच्या खोलीचा. काल निघाले, जनरल डब्यात उभं राहून. कल्याणलाच मुंबई समजून उतरले, तिथून विचारत विचारत आले. मला आधी म्हणले, ‘‘झालं का पळून?’’

मी म्हणालो, झालं. सकाळीच झालं.

त्यांनी खोलीत नजर फिरवली. खाटेकडं, खाटेमागं, मोरीकडं. मग हळूच विचारलं, ‘‘आला व्हता का?’’

मी नाही म्हणालो. ते खाली बसले भिंतीला टेकून. पाणी दिलं, अर्धं प्यायले. मी सांगून टाकलं की मी तुला बरफाचं लिहिलंय, शब्द मोडला. वाटलं उठून जातील, इथं तर मागलं दार पण नाही. ते नखांनी फरशी उकरत बसले. मग वर न बघता विचारलं, ‘‘ते जबलपूर किती लांब हाय? तिकडची गाडी कुठून लागती?’’

मी सांगितलं, गाडी कल्याणवरूनच जाती, जिथं ते चुकून उतरले तिथूनच. ते म्हणले, मग चल, दाखव कुठला फलाट ते. मी म्हणालो, बापू, पाय तर सुजलेत माझे, आणि तुमी रात्रभर उभे, जरा जेवा, उद्या जाऊ. तर ते उठून उभे राहिले.

‘‘उद्या नको,’’ म्हणले. ‘‘आजच.’’

तर हे पत्र मी टपालात टाकत नाही. घडी करून त्यांच्या हातात देतो.

मुंजाजी